ऑपरेशनआधीची सही

अर्धापुरात केळीचे घड ट्रकात चढवता चढवता ज्याला हर्निया झाला असा एखादा माणूस नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये ऑपरेशनसाठी भरती झाला, की संध्याकाळी त्याच्या फाइलला एक कागद लागतो. वर तारीख आणि वेळ, खाली इंग्रजी आद्याक्षरांतल्या सात-आठ ओळी. रात्री बारानंतर तोंडाने काही द्यायचं नाही. पोटाखालचा भाग साफ करायचा. झायलोकेनची टेस्ट लावायची. सकाळी सहाला सलाईन सुरू. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची. फिजिशियनचा फिटनेस जोडला आहे. भूलतज्ज्ञांना कळवलं आहे. संमतिपत्रावर सही घेतली आहे. तळाशी आणखी एक सही, जी कुणालाच वाचता येत नाही.

कागद निरखून पाहिला तर त्यावर तीन तऱ्हांची अक्षरं दिसतात. पहिल्या चार ओळी सर्जननी फोनवरून सांगितल्या आणि रात्रपाळीच्या डॉक्टरने उतरवून घेतल्या. मराठवाड्यातल्या खासगी दवाखान्यांत हा रात्रपाळीचा डॉक्टर बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. गोळीची ओळ फिजिशियनच्या चिठ्ठीवरून आली. शेवटच्या ओळी सिस्टरच्या. उद्या ज्यांच्या हातात चाकू असणार त्यांचं अक्षर कागदावर कुठेच नाही. जे भूल देणार ते पेशंटला अजून भेटलेलेही नाहीत, ते सकाळी आणखी एक-दोन दवाखान्यांतल्या केसेस उरकून येतील. मग हा माणूस ऑपरेशन सोसेल, असं ठरवलं कुणी? आणि उद्या काही बिनसलंच, तर यातला उत्तर देणारा कोण?

हा कागद एका बैठकीत तयार झालेला नाही. त्यातली एकेक ओळ वेगवेगळ्या काळातून आली आहे, आणि बऱ्याच ओळींच्या मागे कुणाचा तरी मृत्यू आहे. प्रत्येक ओळीबरोबर दवाखान्यात एक नवा माणूस आला. आधीच्याचं थोडं काम त्याने उचललं, पण जबाबदारी कुणी कुणाला मोजून हवाली केली, असं मात्र कधी झालं नाही. मागोवा घ्यायचा तो याचा.

सगळ्यांत जुनी ओळ उपाशी राहण्याची. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा पाचवा अध्याय शस्त्रकर्माच्या तयारीचाच आहे. पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म अशी तीन पायऱ्यांची मांडणी तिथे आहे. यंत्रं, शस्त्रं, अग्नी, कापूस, तूप, मध, गार आणि गरम पाणी, पेशंटला धरून ठेवणारी धट्टीकट्टी माणसं अशी जय्यत यादीही आहे. रोग्याला हलकं जेवण देऊन बसवावं असं सांगून संहिता लगेच अपवाद नोंदवते: आडलेला गर्भ, उदर, मूळव्याध, मुतखडा, भगंदर आणि तोंडाचे रोग यांत मात्र रोगी उपाशीपोटीच हवा. दुसऱ्या एका अध्यायात तर शस्त्र लावण्याआधी खाऊ घालावं आणि पिणाऱ्याला तीक्ष्ण मद्य द्यावं असा सल्ला आहे, म्हणजे त्याला मूर्च्छा येणार नाही आणि कापल्याचं कळणार नाही. भूल नव्हती तेव्हा धास्ती पोटातल्या अन्नाची नव्हती, घेरी येण्याची होती. नियम तोच दिसतो, कारण मात्र पार वेगळं.

सुश्रुताची मला जास्त नवलाची वाटलेली गोष्ट मुतखड्याच्या प्रकरणात आहे. शस्त्र न लावावं तर मरण ठरलेलं, आणि लावावं तर जगण्याची शंका; म्हणून वैद्याने आधी राजाला विचारून मगच हात घालावा, असं तिथे बजावलं आहे. तपासणारा, तयारी करणारा, कापणारा आणि नंतर पट्टी बदलणारा वैद्य एकच. त्याच्यावर जबाबदारी किती, हा प्रश्नच पडत नव्हता, कारण ती वाटून घ्यायला दुसरं कुणी नव्हतंच. तरीही, की म्हणूनच, त्याला वरून एक परवानगी लागत होती. आजच्या प्री-ऑथची, म्हणजे योजनेच्या पूर्वमंजुरीची, ही पणजी म्हणावी इतकं साम्य आहे, पण त्याकडे पुढे येऊ.

मधली शतकं मी ओलांडतो. हाडवैद्य, वैदू, तुंबड्या लावणारे न्हावी यांच्या हातून जे होत होतं त्यात आधीची तपासणी म्हणजे माणसाकडे एक नजर आणि वेळ पाहणं. खरी उलथापालथ भुलीने केली. 1846 च्या ऑक्टोबरात बोस्टनला ईथर, पुढच्या मार्चमध्ये कलकत्त्याला ईथर, 1847 च्या नोव्हेंबरात एडिंबरोला क्लोरोफॉर्म. आणि 28 जानेवारी 1848 ला इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली काही मिनिटांत गेली. धडधाकट मुलगी, मामुली ऑपरेशन. चाकूने नव्हे तर चाकूआधीच्या औषधाने माणूस मरू शकतो हे त्या दिवशी कळलं. या मुलीला आधी कुणी काय तपासायला हवं होतं, हा प्रश्न तिथपासून सुरू होतो.

त्याचं एक उत्तर शोधण्याचा खटाटोप आपल्याच राज्यात झाला. आपल्या म्हणजे निजामाच्या. अर्धापूर, नांदेड, लातूर सगळं तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं. सर्जन-मेजर एडवर्ड लॉरी हे तिथे रेसिडेन्सी सर्जन आणि हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख. एडिंबरोत शिकलेले, क्लोरोफॉर्मवर गाढ भरवसा. लंडनचे डॉक्टर म्हणत, क्लोरोफॉर्म एकाएकी हृदय बंद पाडतो, म्हणून नाडीवर बोट ठेवा. लॉरी म्हणत, साफ चूक. आधी श्वास थांबतो, म्हणून नजर श्वासावर ठेवा. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पैशावर 1888 मध्ये पहिलं क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. लंडनच्या 'लॅन्सेट'ने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, तेव्हा निजामांनी एक हजार पौंड देऊ केले आणि 'लॅन्सेट'चा माणूस म्हणून टी. लॉडर ब्रंटन 1889 मध्ये हैदराबादला येऊन थडकले. शेकडो कुत्री आणि काही माकडं यांच्यावर प्रयोग झाले. निकाल लॉरींच्या बाजूने लागला: श्वास आधी, हृदय नंतर.

हा वाद निव्वळ शरीरशास्त्राचा वाटतो, पण त्याच्या पोटात जबाबदारीचा प्रश्न दडला होता. हृदय आधी बंद पडत असेल, तर दोष पेशंटच्या हृदयात सापडू शकतो. मग ऑपरेशनआधी छातीला नळी लावणं आलं, आणि 'हृदय कमजोरच होतं' ही सबबही आली. श्वास आधी थांबत असेल, तर दोष क्लोरोफॉर्मची टोपी धरणाऱ्याच्या बेफिकिरीचा. जबाबदारी आदल्या रात्रीची नव्हे, त्या क्षणाची. लॉरींनी एका अर्थी सगळा भार क्लोरोफॉर्म देणाऱ्याच्या डोळ्यांवर टाकला. मला हे नैतिकदृष्ट्या जास्त सरळ वाटतं. शास्त्र मात्र त्यांच्या बाजूने टिकलं नाही. 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाचे ठोके एकदम विस्कटून माणूस जाऊ शकतो, श्वास शाबूत असताना. म्हणजे लंडनवालेही थोडे खरे होते. आज सर्जरीआधी ईसीजी काढतात आणि सर्जरीत डोळे श्वासावरही असतात, तो या भांडणाचा समझोता आहे.

हैदराबादच्या त्या कारखान्यातून आणखी एक गोष्ट निघाली. रूपाबाई फरदुनजी ही पारशी मुलगी लॉरींच्या हाताखाली शिकली आणि हैदराबादच्या दवाखान्यांत क्लोरोफॉर्म देण्याचं काम तिने वर्षानुवर्षं केलं. 1909 मध्ये पुढच्या शिक्षणासाठी एडिंबरोलाही गेली. भूलशास्त्राचे इतिहासकार जगातल्या पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत तिची गणना करतात. एरवी त्या काळी क्लोरोफॉर्मची टोपी हाताशी असेल त्या विद्यार्थ्याच्या, कंपाउंडरच्या किंवा धाकट्या डॉक्टरच्या हातात दिली जाई, आणि हुकूम सर्जनचा चाले. हे काम शिकून, निष्ठेने, आयुष्यभर करायचं असतं असं मानणारी माणसं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद ही छोटी लाइन नांदेडवरून गेली आणि मोठ्या दुखण्याला हैदराबाद गाठायची वाट झाली. नांदेडकरांनी ती वाट अजून सोडलेली नाही.

पुढच्या तीन-चार ओळी एका पिढीत आल्या. 1941 मध्ये अमेरिकेतल्या साकलाड, रोव्हेनस्टाइन आणि टेलर या तिघांनी पेशंटच्या तब्येतीला दर्जे लावले. पुढे 1961 मध्ये ड्रिप्स आणि सहकाऱ्यांनी ते सुटसुटीत केले. एएसए, म्हणजे अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेचा, दर्जा एक म्हणजे निरोगी, दोन म्हणजे आटोक्यात असलेलं बीपी-शुगर, तीन म्हणजे दुखणं जाणवण्यासारखं, असं ते चढत जातं. 1941 च्या त्या तिघांनी एक गोष्ट तेव्हाच निक्षून सांगितली होती, जी आज सगळे विसरले आहेत: हा दर्जा पेशंटच्या तब्येतीचा आहे, ऑपरेशनच्या धोक्याचा नाही. धोका कोणतं ऑपरेशन, कुणाच्या हातून, कोणत्या सोयीत होतं यावर ठरतो, आणि तो एका आकड्यात मावत नाही. आपल्याकडच्या फिटनेसच्या चिठ्ठीवर मात्र ठरीव ओळ असते: मध्यम धोक्यासह फिट. सर्जरी कुठली, ओटीत काय आहे, रक्तपेढी किती लांब आहे, यातलं काही ठाऊक नसताना फिजिशियन हे लिहितो. बिचाऱ्याला विचारलेलंही तेवढंच असतं.

उपाशी राहण्याच्या ओळीचं नवं कारण 1946 मध्ये सापडलं. न्यूयॉर्कच्या एका प्रसूतिगृहातल्या 44,016 बाळंतपणांची कागदपत्रं मेंडेलसन यांनी तपासली. 66 जणींच्या पोटातलं अन्न किंवा आम्ल भुलीत श्वासनलिकेत उतरलं होतं. तेव्हापासून 'रात्री बारानंतर काही नाही' हे वाक्य जगभरच्या फाइलींवर चढलं, आणि एकदा चढल्यावर उतरेना. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हलकं जेवण सहा तास, हे 1999 मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने नियमात आणलं. तरी आपल्याकडे दुपारी तीनच्या यादीतला म्हातारा पहाटेपासून पाण्यावाचून पडलेला असतो. का, तर 'आधी नंबर लागला तर?' ही ओळ लिहिणाऱ्याला तिची वेळ ठरवायचा अधिकार नाही, आणि ज्यांना अधिकार आहे त्यांनी ती कधी लिहिली नाही.

1949 मध्ये इंग्लंडात साउथएंडला आल्फ्रेड ली यांनी भुलीची वेगळी ओपीडी काढली. ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर पहिली भेट नको, काही दिवस आधी पेशंट पाहू, एवढीच कल्पना. भारतात भूलतज्ज्ञांची संघटना 1947 मध्ये उभी राहिली. मराठवाड्यात हे सगळं पोहोचायला मेडिकल कॉलेजं यावी लागली: औरंगाबादला 1956 मध्ये, सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला, नांदेडला 1988 मध्ये. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या सरकारी दवाखान्यात आज भूलपूर्व तपासणीची ओपीडी ही नेहमीची बाब आहे. विद्यार्थी डॉक्टर पेशंटला तोंड उघडायला लावतो, मान मागे करायला लावतो, दात हलतात का विचारतो.

हे तोंड उघडायला लावणं दिसतं तेवढं साधं नाही. आंध्रातून बोस्टनला गेलेले शेषगिरी मल्लमपती यांनी 1985 मध्ये ते रूढ केलं: जीभ बाहेर काढल्यावर पडजीभ दिसते की नाही, त्यावरून नळी घालणं सोपं की अवघड याचा अंदाज. मराठवाड्यात या तपासणीला एक खास कारण आहे.

"तोंड उघडा, काका. आणखी."

"एवढंच उघडतंय, डॉक्टरसाब."

"गुटखा किती वर्षं?"

"आता सोडला."

"कधी?"

"परवा."

दोन बोटं जेमतेम मावतील एवढंच तोंड उघडणारा पस्तिशीचा माणूस हर्नियासाठी आला, तर त्याच्यासाठी भुलीचा सगळा बेत बदलतो. कमरेतून भूल द्यायची का, आणि ती उतरली तर पुढे काय, वाकवता येणारी नळी हाताशी हवी का, हे सगळं आदल्या दिवशी ठरायला हवं. गुटख्याने आखडलेलं तोंड सर्जनला पोटाच्या तपासणीत दिसत नाही. फिजिशियनच्या ईसीजीत येत नाही. ते फक्त भूलतज्ज्ञालाच दिसतं, आणि तो यायचा असतो सकाळी.

कायद्याने या प्रश्नाला हात घातला तो पुण्याच्या एका खटल्यात. 6 मे 1953 ला रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाचं डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावच्या डॉक्टरने फळ्या बांधल्या. दोन दिवसांनी टॅक्सीत घालून दोनशे मैलांवर पुण्याला आणलं. प्रवासाला अकरा तास लागले. पुण्याच्या सर्जननी आपल्या सहायकाला सांगितलं: मॉर्फिन आणि हायोसिनची दोन इंजेक्शनं, एक तासाच्या अंतराने. सहायकाने एकच दिलं. मग एक्स-रे, मग ऑपरेशन थिएटर, प्लास्टर. आणि त्याच रात्री नऊच्या सुमारास मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर. त्यांनी दावा लावला.

डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्रिंबक बापू गोडबोले या नावाने तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे 1968 मध्ये निकाल लागला. सर्जनचं म्हणणं होतं, लांबच्या प्रवासाने पोरगा थकला होता, म्हणून हाड बसवण्याचं काम मी पुढे ढकललं आणि फक्त हलका ताण देऊन पाय स्थिर केला. न्यायालयाने मात्र मानलं की पूर्ण भूल न देता, तीन माणसांकडून जोर लावून हाड बसवलं गेलं आणि त्या धक्क्याने मृत्यू ओढवला. नुकसानभरपाई तीन हजार रुपये. निकालाचं महत्त्व रकमेत नाही. डॉक्टरवर तीन कर्तव्यं येतात असं तिथे स्वच्छ लिहिलं गेलं: केस घ्यायची की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो देताना काळजी. तीनपैकी दोन कर्तव्यं चाकूआधीची आहेत, हे त्या निकालाबद्दल बोलताना फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि एकाच इंजेक्शनवर थांबलेल्या सहायकाची चूक सर्जनच्याच खात्यात गेली. तोंडी हुकूम देणाऱ्याने तो पाळला गेला का हे पाहायचं असतं. फोनवर चार ओळी सांगून गाडी काढणाऱ्यांनी हे वाचावं.

दुसरा खटला मराठवाड्याचाच. जुलै 1963 मध्ये औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात एका बाळंतिणीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली, पोटात टॉवेल राहिला, पोट पुन्हा उघडलं गेलं, पण 24 जुलैला ती दगावली. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन हा खटला तेहतीस वर्षांनी, फेब्रुवारी 1996 मध्ये, सर्वोच्च न्यायालयात संपला. चूक नेमकी कुणाची यावर बराच काथ्याकूट झाला होता, आणि न्यायालयाने म्हटलं त्याचा मथितार्थ असा की नेमका माणूस दाखवता आला नाही तरी टॉवेल आपोआप आत गेला नाही. दवाखाना सरकारचा, तर उत्तरही सरकारने द्यायचं. छत्तीस हजारांची भरपाई कायम झाली. पुण्याच्या निकालात जबाबदारी वर चढून सर्जनपाशी थांबली होती. औरंगाबादच्या निकालात ती सर्जनलाही ओलांडून संस्थेपाशी गेली. दोन्ही न्याय्य आहेत. पण माणसाला सोडून संस्थेवर जबाबदारी टाकली, की संस्था पहिलं काम करते ते फॉर्म छापण्याचं.

आणि फॉर्म आले. 2005 च्या मार्चमध्ये रमाकांत राय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावलं की कुटुंबनियोजनाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेआधी डॉक्टरने भरायची तपशीलवार यादी ठरवून द्या. हिमोग्लोबिन सात ग्रॅमच्या खाली असेल तर बाईला टेबलावर घेऊ नये, असे नियम त्याच्या मागेपुढे पक्के झाले. तरी 2014 मध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं उरकली गेली आणि त्यातल्या डझनाहून अधिक गेल्या; 2016 च्या सप्टेंबरात देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असा आदेश निघाला. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया ठरल्या वारी होतात. बाहेरून आलेले सर्जन दहा वाजता पोहोचतात, तपासणी स्थानिक मेडिकल ऑफिसरने आधीच केलेली असते, बायका तोंडावर पदर धरून ओळीत बसलेल्या असतात. यादीवर सही ऑफिसरची, चाकू सर्जनचा. तिथला मेडिकल ऑफिसर कधी अठरा आठवड्यांचं भुलीचं सरकारी प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस असतो, म्हणजे तपासणाराही तोच आणि भूल देणाराही तोच. हा विनोद नाही; भूलतज्ज्ञ नसलेल्या तालुक्यांत अडलेली बाळंतपणं वाचावीत म्हणून काढलेली ती वाट आहे, आणि कित्येक ठिकाणी तिनेच सिझेरियन शक्य झालं.

यादीची मोठी गोष्ट पुन्हा अर्धापूरच्याच रस्त्यावर येते. नांदेडहून नागपूरला जाणारा महामार्ग अर्धापूर ओलांडून हदगाव, मग पैनगंगा पार करून उमरखेडला जातो. उमरखेडजवळचं उटी हे अतुल गावंडे यांच्या वडिलांचं गाव; उमरखेडचं कॉलेज त्यांच्या आजीच्या, गोपिकाबाई सीताराम गावंडे यांच्या नावाचं आहे. ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या, बोस्टनला सर्जन झालेल्या या नातवाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेची एकोणीस कलमांची यादी करवून घेतली. 2008 मध्ये ती जाहीर झाली. दिल्ली धरून जगातल्या आठ शहरांतल्या दवाखान्यांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं आणि गुंतागुंत 11 टक्क्यांवरून 7 वर.

मला त्या यादीत आकड्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो तो तिचा पहिला भाग. भूल देण्याआधीचे प्रश्न: पेशंट कोण, कुठली बाजू, खूण केली का, संमती आहे का, ॲलर्जी, नळी घालायला अवघड आहे का, अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जाईल का. हे प्रश्न मोठ्याने विचारायचे आणि त्या वेळी निदान नर्स आणि भूलतज्ज्ञ हजर हवेत. सर्जन असावेत, पण त्यांच्यावाचून अडत नाही. शंभर वर्षं सर्जनच्या हुकमाची अंमलबजावणी करणाऱ्या सिस्टरला थांबायला सांगण्याचा अधिकार या यादीने दिला. बोस्टनला ते कितपत पचलं ठाऊक असेल तिथल्यांना. आपल्याकडे 'सर, एक मिनिट, बाजू कुठली?' असं विचारणारी बावीस वर्षांची सिस्टर आणि तिच्याकडे मान वर करून पाहणारे पंचावन्न वर्षांचे सर, हे दृश्य अजून विरळा आहे. बऱ्याच ठिकाणी यादी ऑपरेशननंतर एका दमात टिक होते.

नांदेडला मात्र आणखी एक सही आधीच येऊन बसली होती. 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. 2017 पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राने रेशनकार्ड आणि रिपोर्ट अपलोड करायचे, कुठेतरी बसलेल्या डॉक्टरने ते स्क्रीनवर पाहून मंजुरी द्यायची, मग टेबल. ही सुश्रुताच्या राजाची परवानगी, फक्त राजा आता पेशंट मरेल का हे विचारत नाही, पॅकेजमध्ये बसतो का हे विचारतो. अर्धापूर-भोकर-मुदखेडच्या हजारो गरिबांची ऑपरेशनं या योजनेने झाली, याबद्दल दुमत नाही. पण वैद्यकीय निर्णयाच्या नावाखाली फाइलीत आणखी एक डॉक्टर आला, ज्याने पेशंटच्या पोटाला हात लावलेला नाही.

संमतीची गोष्ट निराळीच. 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की शुद्धीवर येऊ शकणाऱ्या सज्ञान पेशंटच्या वतीने आईने दिलेली संमती चालत नाही. तातडीचा प्रसंग नसेल तर थांबायचं आणि पेशंटलाच विचारायचं. आपल्या फायलींवर आजही सही मुलाची, नवऱ्याची, गावच्या सरपंचाची, कुणाचीही. पेशंटचा अंगठा खाली कोपऱ्यात. कारण दवाखान्याला कायद्यापेक्षा भांडायला येणाऱ्या नातेवाइकाची भीती जास्त वाटते.

आणि इथेच, मला वाटतं, या वंशावळीतला शेवटचा वारस सापडतो. सर्जन, फिजिशियन, भूलतज्ज्ञ, रात्रपाळीचा डॉक्टर, सिस्टर, योजनेचा डॉक्टर हे सहाजण बहुतेक एका खोलीत कधी भेटत नाहीत. त्यांच्यामध्ये धावतो तो पेशंटचा मुलगा किंवा जावई. लॅबमधून रिपोर्ट तोच आणतो, फिजिशियनकडे फाइल तोच नेतो, 'डॉक्टर म्हणाले' हे वाक्य एका दारातून दुसऱ्या दारात तोच पोचवतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं घ्या. तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसलेल्या अर्धापूरच्या काकांना हर्नियाचं ऑपरेशन करायचं आहे. ॲस्पिरिन बऱ्याचदा चालू ठेवायची असते, तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवतात. पण थांबवायची की नाही हे स्टेंट कधीचा, कुठल्या जातीचा, यावर ठरतं आणि ते हृदयाच्या डॉक्टरला माहीत. सर्जन सांगतात, 'पातळ करायच्या गोळ्या बंद करा.' फिजिशियनच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, 'नेहमीची औषधं चालू ठेवा.' भूलतज्ज्ञ सकाळी विचारतात, 'कालची घेतली का?' आणि आदल्या रविवारी अर्धापुरात, गोळ्यांच्या पाकिटावरची नावं मोबाइलच्या उजेडात वाचत, कुठली टाकायची आणि कुठली ठेवायची हे ठरवत बसलेला असतो तो बारावी झालेला मुलगा. त्याची सही फाइलीवर आहेच, संमतिपत्राच्या खाली. फक्त तिथे ती वेगळ्या कारणासाठी घेतलेली आहे.